गावाचा पट मांडू या : माणसं, वस्त्या आणि रस्ते



सातबाराचा उतारा आपल्यापैकी प्रत्येकाला वाचता येतो. गट नंबर, क्षेत्र, पोटखराबा, इतर हक्क ही भाषा आपल्या घरातली आहे. पण गावाचाही एक उतारा असतो. गावात माणसं किती, ती गावठाणात किती आणि रानात किती, घरं किती, कामकरी किती, गावाला रस्ता कोणत्या दर्जाचा, एस.टी. येते की पाच किलोमीटर चालत जावे लागते, हे सारे त्या उताऱ्यात येते. हा उतारा फार थोड्यांनी पाहिलेला असतो. गावाला रस्ता मंजूर होणे, आरोग्य उपकेंद्र मिळणे, ग्रामपंचायतीला निधी येणे या गोष्टी मात्र त्याच्यावर ठरतात. आपल्या उसाचे तोडणी-वाहतुकीचे बिलही, दिसत नसले तरी, त्याच्याशी बांधलेले असते.

म्हणून या अंकात आम्ही गावाची लोकसंख्या आणि दळणवळण हा विषय अभ्यासाला घेतला आहे. धडा वाचून बाजूला ठेवू नये. वही-पेन्सिल घेऊन आपल्या गावाचे आकडे मांडावेत, अशी आमची इच्छा आहे.

१. गाव म्हणजे नेमके काय?

आपण 'आमचं गाव' म्हणतो तेव्हा देऊळ, चावडी, शाळा आणि भोवतालची घरे डोळ्यासमोर येतात. ते गावठाण झाले. सरकार दरबारी गाव म्हणजे महसुली गाव, म्हणजे ज्याला स्वतंत्र शिव आहे, गावनकाशा आहे आणि गट नंबरांची स्वतंत्र मालिका आहे ते. शिरगणती याच महसुली गावाची होते. गावात वाड्या, मळे, वस्त्या कितीही असोत, जनगणनेच्या पुस्तकात बेरीज एकच छापली जाते.

एकच ग्रामपंचायत दोन-तीन महसुली गावांची मिळून असू शकते, तिला गट ग्रामपंचायत म्हणतात. उलट काही महसुली गावांत एकही माणूस राहत नाही, त्यांना बेचिराख गाव म्हणतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात एकूण ४३,६६३ गावे नोंदली गेली, त्यांत वस्ती असलेली ४०,९५९ होती. बाकीच्या गावांना शिव आहे, नकाशा आहे, पण चूल नाही.

याचा व्यवहारात अर्थ असा की 'गावची लोकसंख्या किती?' असे कोणी विचारले, तर आधी 'महसुली गावाची, ग्रामपंचायतीची का नुसत्या गावठाणाची?' हे विचारून घ्यावे. तीन आकडे तीन कामांचे आहेत. एकाच्या जागी दुसरा दिला की प्रस्ताव परत येतो.

२. जनगणनेचा आकडा वाचायचा कसा?

आपल्या देशात १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होत आली. २०२१ ची गणती कोरोनाच्या साथीमुळे झाली नाही. त्यामुळे २०११ नंतर गावोगावच्या कामांना २०११ चेच आकडे धरावे लागले. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस जून २०२५ च्या अधिसूचनेने ठरविण्यात आला.

प्रत्येक जिल्ह्याचे एक 'जिल्हा जनगणना पुस्तिका' नावाचे पुस्तक निघते. त्यात तालुकावार प्रत्येक गावाची एक ओळ असते. त्या ओळीत पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट क्षेत्र आणि घरे. क्षेत्र हेक्टरमध्ये असते. पुढे कुटुंबांची संख्या असते. एकूण माणसांना कुटुंबांच्या संख्येने भागले की एका घरात सरासरी माणसे किती ते कळते.

दुसरी, स्त्री-पुरुष आणि सहा वर्षांखालील मुले. या रकान्याकडे आपण काणाडोळा करतो. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली त्या ८९४ राहिल्या. राज्याचा आकडा वाचून हळहळण्यापेक्षा आपल्या गावाचा आकडा काढावा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

तिसरी, कामकरी माणसे. वर्षातून सहा महिने किंवा त्याहून अधिक काम मिळाले तो मुख्य कामकरी, त्याहून कमी मिळाले तो सीमांतिक. त्यांचे पुन्हा चार भाग पडतात : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील आणि इतर. देशभरात २००१ साली १२.७३ कोटी शेतकरी आणि १०.६८ कोटी शेतमजूर होते. २०११ साली शेतकरी ११.८८ कोटी झाले आणि शेतमजूर १४.४३ कोटी. दहा वर्षांत तराजूचे पारडे फिरले. आपल्या गावात ते कोणत्या बाजूला झुकले, हे एका ओळीत कळते.

चौथी, सोयी. शाळा, दवाखाना, टपाल, बँक, एस.टी., रेल्वे, पक्का रस्ता असे रकाने असतात. सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे हे २०११ च्या पुस्तकात तीन अक्षरी खुणांनी दाखविले आहे : पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, आणि दहाच्या पुढे. हा रकाना म्हणजे आपल्या गावाच्या दळणवळणाची जन्मपत्रिकाच.

वाढीचा आकडाही जपून वाचावा. २००१ ते २०११ या काळात राज्याची लोकसंख्या १५.९९ टक्क्यांनी वाढली. पण कोल्हापूर जिल्हा १०.०१, सांगली ९.२४ आणि सातारा अवघा ६.९३ टक्क्यांनी वाढला. तिकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. सातारा जिल्ह्यात पाळणे कमी हलले एवढाच याचा अर्थ नव्हे. तिथला तरुण मुंबईला, पुण्याला गेला, हा त्यातला मोठा भाग आहे. गावाची वाढ मंद दिसली की दोन प्रश्न विचारावेत : पोरं कमी जन्मली का पोरं गाव सोडून गेली? पहिल्याचे उत्तर शाळेच्या पटावर मिळते, दुसऱ्याचे एस.टी.च्या थांब्यावर.

३. शिरगणतीचा महिना आणि तोडणीचा महिना

आता ऊसवाल्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी बाब सांगतो.

२०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. नियम असा होता की या मुदतीत जो माणूस एक दिवस का होईना आपल्या राहत्या घरी होता, त्याची नोंद घरी करायची. जो सबंध मुदत घराबाहेर होता, त्याची नोंद जिथे सापडेल तिथे करायची. ज्यांना घरच नाही त्यांची गणती २८ फेब्रुवारीच्या रात्री.

फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे गाळपाचा ऐन भर. बीड, पाथर्डी, आष्टी, शिरूर कासार या भागातून आलेल्या टोळ्या तेव्हा आपल्या शिवारात कोप्या टाकून असतात. दिवाळीला गाव सोडलेला कोयता पाडव्याच्या आसपास परततो, मध्ये वीस दिवसांत घरी जायची सोय कुठली? म्हणजे नियमाप्रमाणे या माणसांची शिरगणती आपल्या गावात व्हायची आणि त्यांच्या मूळ गावची बेरीज तेवढ्याने कमी यायची.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, ऊसपट्ट्यातल्या गावाच्या २०११ च्या आकड्यात काही माणसे टोळीची असू शकतात. गावची बारमाही लोकसंख्या काढताना हे ध्यानात ठेवावे. दोन, तोडकऱ्याच्या गावची बेरीज कमी आली, तर त्या गावच्या रस्त्याला आणि निधीला कात्री लागते. जो माणूस आपला ऊस तोडतो त्याच्याच वाडीचा रस्ता आपल्या हंगामापायी अडतो, हे बरे नव्हे. तीन, कोपीवरचा माणूस दोन्हीकडून सुटण्याचा धोका सर्वांत मोठा. इकडचा गणक म्हणतो 'ही बाहेरची माणसं', तिकडचा म्हणतो 'घराला कुलूप आहे'. मग तो माणूस आणि त्याची कच्चीबच्ची कुठेच लागत नाहीत.

२०२७ च्या गणतीचा दिवस १ मार्च आहे, म्हणजे ती पुन्हा गाळपाच्या दिवसांतच येते. ज्या सभासदाच्या शेतात किंवा शेजारी टोळी उतरली असेल त्याने गणकाला कोपीपर्यंत नेऊन आणावे. मुकादमालाही अगोदर सांगून ठेवावे. अर्धा तास मोडेल, पण शे-पन्नास माणसे देशाच्या हिशेबात येतील.

४. या आकड्यावर काय काय ठरते?

ग्रामपंचायतीच्या सदस्यांची संख्या लोकसंख्येवर ठरते. आपल्या राज्यात ती सातपासून सतरापर्यंत असते. दीड हजारापर्यंत सात, पुढे तीन हजारांपर्यंत नऊ, अशी ती दोन-दोनने चढत जाते.

मैदानी भागात साधारण पाच हजार वस्तीला एक आरोग्य उपकेंद्र आणि तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र असे प्रमाण आहे. डोंगरी व आदिवासी भागात तेच तीन हजार आणि वीस हजार धरतात.

चौदाव्या आणि पंधराव्या वित्त आयोगांनी स्थानिक संस्थांचे अनुदान राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के वजन लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्राला दिले, आणि लोकसंख्या धरली ती २०११ ची.

रस्त्यांचेही तसेच. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिचा पाया असा की मैदानी भागात ५०० आणि त्याहून अधिक, तर डोंगरी, आदिवासी व वाळवंटी भागात २५० आणि त्याहून अधिक लोकसंख्येची जी वस्ती बारमाही रस्त्याने जोडलेली नाही, ती जोडायची. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात देशभरच्या २५,००० वस्त्या २०११ च्या लोकसंख्येनुसार धरण्याचे ठरले.

येथे 'वस्ती' हा शब्द नीट वाचावा. ही योजना गाव मोजत नाही, वस्ती मोजते. आणि मैदानी भागात पाचशे मीटरच्या आतल्या वस्त्यांची बेरीज एकत्र धरता येते. हा नियम माहीत नसल्याने 'आमची वाडी तीनशेचीच, आम्हाला कोण रस्ता देतो' म्हणून माणसे गप्प बसतात. शेजारच्या वाडीशी मिळून बेरीज करायची कोणाच्या ध्यानातच येत नाही.

५. रस्त्यांच्या पायऱ्या

रस्त्यांनाही जातकुळी आहे. १९४३ साली नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली, तिने देशाच्या रस्त्यांची वर्गवारी घातली. तीच थोड्या फरकाने आजवर चालत आली आहे. वरून खाली पायऱ्या अशा :

(१) राष्ट्रीय महामार्ग
(२) राज्य मार्ग
(३) प्रमुख जिल्हा मार्ग
(४) इतर जिल्हा मार्ग
(५) ग्रामीण मार्ग

प्रमुख जिल्हा मार्गापर्यंतचे राज्यातले रस्ते सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम खाते सांभाळते. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रत्येक रस्त्याला क्रमांक असतो : 'इ.जि.मा. क्र. अमुक', 'ग्रा.मा. क्र. तमुक'. माणसाला जसे रेशनकार्ड तसा रस्त्याला हा क्रमांक. क्रमांक नाही तो रस्ता कितीही जुना आणि वर्दळीचा असो, कागदावर तो नाहीच, आणि जो कागदावर नाही त्याला निधी टाकायचा कुठल्या खात्यावर? म्हणून 'आमच्या रस्त्याला डांबर कधी?' या प्रश्नाच्या आधी 'आमच्या रस्त्याला नंबर आहे का?' हा प्रश्न विचारावा. नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून तो जिल्हा परिषदेमार्फत रस्ते आराखड्यात घालून घ्यावा लागतो. काम सावकाशीचे आहे, पण पहिले पाऊल तेच.

रस्ता झाला की एस.टी. येते. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. गावात मुक्कामी गाडी येऊ लागली की गावची मुलगी हायस्कूलला जाऊ लागते, बाळंतीण वेळेवर दवाखान्यात पोचते, भाजीची पाटी सकाळच्या बाजारात लागते. रस्त्याची खरी लांबी मोजायची ती या गोष्टींनी.

आणि अंतर किलोमीटरवर मोजून भागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांनी हे भोगले आहे. २०१९ आणि २०२१ साली तर शिरोलीजवळ पुणे-बंगलोर महामार्गच पाण्याखाली जाऊन बंद पडला. जिथे राष्ट्रीय महामार्गाची ही गत, तिथे ओढ्यावरच्या फरशीची काय कथा! म्हणून गावच्या पटात 'रस्ता आहे' एवढे लिहून थांबू नये. 'वर्षात किती दिवस बंद असतो' हेही लिहावे.

६. पाणंद : सगळ्यांची आणि कुणाचीच नाही

पाचव्या पायरीच्या खाली आणखी एक पायरी आहे, ती म्हणजे पाणंद, शिवरस्ता, गाडीवाट. ऊस पिकतो तो हिच्या कडेला, आणि अडतो तोही हिच्यातच. बांधकाम खाते म्हणते ही आमची नाही, जिल्हा परिषद म्हणते हिला नंबर नाही. शेजारी म्हणतो, 'आजोबांच्या येळंला इथनं एकच गाडी जायची, आता ट्रॅक्टरला कुठनं जागा देऊ?' दरवर्षी नांगराचे एक-एक तास पाणंदीत सरकते आणि वीस वर्षांत पाणंदीची पायवाट होते.

याला उपाय आहे तो गावनकाशा. तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात तो पाहता येतो. नकाशावर दुबार तुटक रेषेने दाखविलेला असतो तो गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकेरी तुटक रेषेने दाखविलेली ती पायवाट, तिची सव्वाआठ फूट. भांडणाच्या वेळी आवाज चढविण्यापेक्षा हा कागद पसरावा.

कायद्याच्या दोन वाटा सर्वांनी पाठ कराव्यात. पूर्वीपासून वहिवाटीत असलेला रस्ता कोणी अडविला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडविल्यापासून सहा महिन्यांच्या आत गेले पाहिजे. 'बघू पुढच्या हंगामाला' म्हणणाऱ्याची मुदत निघून जाते. दुसरी वाट अशी की शेताला रस्ताच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून वाट मिळण्यासाठी अर्ज करता येतो.

पाणंदीच्या कामासाठी राज्य शासनाने नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्राम समृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली, तिच्यात रोजगार हमीची सांगड घातली होती. २०२५ साली शेतरस्त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात घेण्याचेही शासनाने ठरविले. ज्याने आपखुशीने रस्ता दिला त्याने आणि ज्याला मिळाला त्याने, दोघांनीही ही नोंद करून घ्यावी. आज तोंडावर चालणारा सलोखा उद्या वाटणीच्या वेळी टिकेलच असे नाही.

७. रस्ता आणि उसाचा हिशेब

उसाची रास्त व किफायतशीर किंमत म्हणजे एफ.आर.पी. ही कारखान्याच्या दारात पोच उसाची असते. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये ठरली होती. तिच्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम सभासदाच्या हाती पडते. आणि आपल्या राज्यात हा खर्च बहुधा सरासरीने धरतात. सर्व कार्यक्षेत्राचा तोडणी-वाहतूक खर्च एकत्र करून, एकूण टनांनी भागून, सर्वांना सारखाच लावतात.

याचा अर्थ काय? शेवटच्या टोकाच्या वाडीची पाणंद वाईट असेल, तर तिचा भुर्दंड कारखान्याला खेटून शेत असलेला सभासदही भरतो. 'त्यांच्या रस्त्याशी आमचा काय संबंध?' असे म्हणायची सोय सहकारात नाही. संबंध बिलातच छापलेला आहे.

थोडे गणित करू. समजा, शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटर पाणंद आहे आणि पुढे कारखान्यापर्यंत पंधरा किलोमीटर डांबरी. भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रेलर घेऊन डांबरीवर ताशी पंधरा किलोमीटरने गेला, तर त्याला एक तास लागतो. पाणंदीत तो ताशी तीनने चालला तर अर्धा तास. म्हणजे अकरावा हिस्सा अंतराला एक-तृतीयांश वेळ! मुरूम-खडी टाकून तीच पाणंद ताशी नऊच्या वेगाची झाली, तर अर्ध्या तासाचे दहा मिनिटांवर येते. आणि हे कोरड्या दिवसाचे. अवकाळी झाली की ओढायला दुसरा ट्रॅक्टर लावावा लागतो. त्याचे डिझेल, रुतलेल्या गाडीचा मोडलेला आस, थांबलेल्या टोळीचा बुडालेला रोज, हे निराळेच.

तोडलेला ऊस वाट पाहत नाही. तोडल्यापासून त्याचे पाणी उडू लागते, म्हणजे वजन घटते, ते सभासदाचे नुकसान. आतल्या साखरेचे विघटन होऊ लागते, म्हणजे उतारा घटतो, ते सर्वांचे नुकसान. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे शेतकी खाते सांगत असते ते याचसाठी. उन्हाळ्यात मार्च-एप्रिलला ही झीज अधिकच वेगाने होते.

आता उलट बाजूने हिशेब. समजा, कारखान्याचे गाळप पाच लाख टन आहे आणि रस्ते सुधारून सरासरी वाहतूक खर्च टनामागे दहा रुपयांनी उतरला. दहा रुपये म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. पण पाच लाख टनांवर ते पन्नास लाख रुपये होतात. ऐंशी टन ऊस घालणाऱ्या सभासदाच्या वाट्याला त्यांतले आठशे येतात. आणि हे दरवर्षी, रस्ता टिकेल तोवर.

८. एक नमुना गाव

वरचे सारे एकत्र कसे बसते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. आकडे केवळ सरावासाठी मानलेले आहेत.

लोकसंख्या २००१ साली २,७१० आणि २०११ साली २,८४० मानू. घरे ५०० होती ती ५९० झाली. २०११ ची विभागणी अशी : गावठाण १,६१०, पहिला मळा ४३०, दुसरा मळा २९०, ओढ्यापलीकडची वस्ती १८०, रानात विखुरलेली घरे ३३०. बेरीज २,८४०.

यावरून काय वाचाल?

माणसे वाढली १३०, म्हणजे ४.८ टक्के. घरे मात्र वाढली ९०, म्हणजे १८ टक्के. घरामागे माणसे ५.४ होती ती ४.८ झाली. याचा अर्थ भाऊ वेगळे झाले, आणि वेगळा झालेला भाऊ गावठाणात जागा नाही म्हणून रानात गेला. लोकसंख्या फारशी वाढली नाही, 'म्हणजे रस्त्याची गरज वाढली नाही' असे कोणी म्हटले तर ते खोटे आहे. माणसे पांगली की रस्त्याची गरज वाढतेच. सकाळी शाळेला आणि संध्याकाळी दूध घालायला त्याच पाणंदीने यावे लागते, जी पूर्वी हंगामापुरती लागायची.

दोन्ही मळे एकमेकांपासून चारशे मीटरवर असतील, तर त्यांची बेरीज ७२० होते. एकेकटे ४३० आणि २९० म्हणून पाचशेच्या खाली राहिले असते, एकत्र मागणी केली तर पात्र ठरू शकतात. १८० ची ओढ्यापलीकडची वस्ती तीन किलोमीटरवर आहे, तिची बेरीज कशातच बसत नाही. तिने ग्राम सडकच्या मागे न लागता पाणंद योजना आणि जिल्हा परिषदेकडची फरशी यांचा पाठपुरावा करावा. ग्रामपंचायत एकाच गावाची असेल तर २,८४० ला सदस्य नऊ.

आणि फेब्रुवारीत गावात बारा कोयत्यांची, मुलेबाळे धरून चाळीस माणसांची टोळी मोजली गेली असेल, तर गावची बारमाही माणसे २,८००. मात्र वाढ काढताना २००१ सालची टोळीही तशीच वजा केली पाहिजे, नाहीतर एक माप पायलीचे आणि दुसरे शेराचे होईल.

९. आता आपल्या गावाचे

प्रत्येक गावच्या सभासदांनी एक वही घालावी आणि तिच्यात पुढील गोष्टी उतरवाव्यात, अशी आमची विनंती आहे.

(अ) महसुली गाव, क्षेत्र, २००१ व २०११ ची लोकसंख्या, घरे, शेतकरी व शेतमजूर.
(आ) वाडी-वस्तीनिहाय घरे आणि माणसे. हे पुस्तकात मिळणार नाही. घरोघर जाऊनच काढावे लागेल. शाळेतल्या वरच्या वर्गाच्या मुलांकडून हे उत्तम होते.
(इ) प्रत्येक वस्तीपासून जवळच्या डांबरी रस्त्याचे अंतर, मधला ओढा-नाला, आणि पावसाळ्यात किती दिवस वाट बंद.
(ई) रस्त्याचा दर्जा आणि क्रमांक. क्रमांक नसेल तर तसे स्पष्ट लिहावे.
(उ) प्रत्येक पाणंदीतून हंगामात साधारण किती टन ऊस निघतो. आपल्या गटाच्या चिटबॉयकडून हे कळेल. हाच आकडा सर्वांत वजनदार. 'पाणंद वाईट आहे' म्हणणारा अर्ज आणि 'या पाणंदीतून दरसाल चार हजार टन ऊस निघतो' म्हणणारा अर्ज, यांत साहेबाच्या टेबलावर फरक पडतो.
(ऊ) गावात उतरणाऱ्या टोळ्या, कोयते आणि त्यांची शाळेच्या वयाची मुले.

ही वही ग्रामसभेत वाचावी. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे, त्याआधी आठ दिवस विषय द्यावा. ठराव तोंडी नको, इतिवृत्तात उतरलेला पाहावा आणि त्याची नक्कल घ्यावी. एक नक्कल शेतकी खात्याकडेही द्यावी, म्हणजे हंगामापूर्वी कोणत्या पाणंदीला मुरमाची तातडी आहे ते कारखान्याला आगाऊ कळेल.

पूर्वजांनी विहिरी काढल्या, बंधारे घातले, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला पहिल्या सहकारी कारखान्याच्या गाळपापासून शेतकऱ्याने साखरेचा धंदा स्वतःच्या हाती घेतला. ते कोणी वरून आणून दिले नव्हते. एकेक रुपयाचा आणि एकेक टनाचा हिशेब मांडून ते उभे राहिले. गाव करील ते राव काय करील, ही म्हण तेव्हा खरी ठरली. पाणंदीच्या बाबतीत ती खरी करणे आपल्या हाती आहे. बांधाला बांध लागलेले दोन शेतकरी एकमेकांकडे पाठ करून बसले, तर कोणतीही योजना तिथवर पोचत नाही. दोघांनी मिळून हातभर जागा सोडली तर ती पहिल्याच पावसाळ्याआधी पोचते.

वही पुरी झाली की ती आपल्या गट कार्यालयात दाखवावी. चांगल्या वह्यांतील माहिती पुढील अंकांतून आम्ही गाववार देऊ.